लष्करी अळी

नॉक्टुइडी कुलातील एका निशाचर पतंगाची अळी. शास्त्रीय नाव मिथिम्ना सेपराटा. फ्रान्सिस वॉकर यांनी १८६५ मध्ये या जातीचे वर्णन केले. आशियाचा मोठा भाग, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ती आढळते. २०१८ मध्ये भारतात प्रथम दिसलेली अमेरिकन लष्करी अळी ही वेगळी जात असून दोघींची गल्लत नेहमी होते.

पतंग फिकट तपकिरी असतो. पुढच्या पंखाच्या मध्यावर बारीक पांढरा ठिपका असतो, ओळखायची खूण तीच. तो फुलांतला मध पितो. गवत खाते ती अळी. रानगवतांबरोबर ज्वारी, मका, बाजरी, गहू, भात, ऊस ही गवताच्याच कुळातली पिके तिला चालतात.

मादी वाळक्या पानाच्या घडीत किंवा पानाचा तळ खोडाला बिलगतो त्या सांदीत ओळीने अंडी घालते आणि चिकट स्रावाने ती घडी मिटवून टाकते. त्यामुळे अंडी सहसा नजरेस पडत नाहीत. नुकती निघालेली अळी पानाचा हिरवा भाग खरवडते. धक्का लागताच रेशमी धाग्याने खाली लोंबते. ती सहा अवस्थांतून वाढते आणि बहुतेक खाणे शेवटच्या दोन अवस्थांत उरकते. म्हणूनच काल हिरवे दिसलेले शेत दोन-तीन रात्रींत नुसत्या शिरांवर येते. दिवसा ती पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) किंवा ढेकळांखाली दडते. पोंग्यातली ओली विष्ठा पाहून तिचा माग लागतो. पुढे जमिनीत शिरून ती कोषात जाते.

विरळ असताना या अळ्या फिकट व संथ असतात. दाटी झाली की त्यांच्यात काळेपणा येतो, हालचाल वाढते; चारा संपला की झुंडीने शेजारच्या शेतात सरकतात. नावातले ‘लष्कर’ हेच.

पतंगही दूरवर जातात. चीनमध्ये ते वसंतात दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, त्यांची पुढची पिढी शरदात दक्षिणेला परतते. खुणा करून सोडलेले पतंग हजार किलोमीटरहून दूर सापडले आहेत. कडक थंडीच्या प्रदेशात ही जात हिवाळा काढू शकत नाही, तिथे दरवर्षी ती नव्याने येते. बांधावरची अंडी नष्ट केली तरी पुढच्या हंगामाची खात्री देता येत नाही, ती यामुळेच.

पक्षी, विषाणू व परोपजीवी गांधीलमाश्या हे तिचे शत्रू. कोटेसिया रुफिक्रस ही इवलीशी माशी अळीच्या अंगात अंडी घालते. १९७० च्या दशकात तिचा पाकिस्तानातला वाण न्यूझीलंडमध्ये नेऊन सोडला आणि तिथल्या मक्यावरचा उपद्रव बराच ओसरला.