कोल्हापूरची 'हेल्पर्स': अपंगांच्या कामाची सुरुवात वसतिगृहापासून का झाली?

कोल्हापुरात नुसतं 'हेल्पर्स' म्हटलं तरी पुरतं. अपंगांसाठी काम करणाऱ्या या संस्थेचं पूर्ण नाव 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड', स्थापना १९८४. कामाचं मूळ मात्र त्याच्या बरंच आधीचं आहे.

संस्थेच्या संस्थापक नसीमा हुरजूक सोळा वर्षांच्या असताना त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पॅराप्लेजियात, म्हणजे अशा लुळेपणात, नुसतं चालणं जात नाही. लघवी-शौचावरचा ताबा जातो. बसून-झोपून जखमा होतात आणि संवेदनाच नसल्यामुळे त्या चिघळेपर्यंत कळतही नाहीत. घरच्यांना हे सांगणारं कुणी भेटलं नाही, तर पेशंटचं उरलेलं आयुष्य एका खोलीत जातं. नसीमादीदींना बाबूकाका दिवाण भेटले. तेही पॅराप्लेजिक, आणि तरीही स्वतःच्या बळावर उभे राहिलेले. डॉक्टर जे सांगू शकत नव्हते ते त्यांच्या जगण्यातून कळलं. पुढे दीदींनी शिक्षण पुरं केलं, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी धरली आणि ती सांभाळून स्वतःसारख्या इतरांसाठी काम सुरू केलं. संस्थेच्या उभारणीत त्यांच्यासोबत गायिका रजनी करकरे-देशपांडे होत्या. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला. म्हणजे काय हवंय हे ठरवणारी माणसं स्वतः अपंग होती. या संस्थेचं वेगळेपण मला तिथेच दिसतं.

त्यांनी मुलांच्या राहण्याची सोय आधी पाहिली, यालाही कारण आहे. खेड्यातल्या पोलिओच्या मुलाला आई कडेवर घेऊन शाळेत पोचवते. पोर बारा-तेरा वर्षांचं झालं की तिची पाठ साथ देत नाही. हायस्कूल दुसऱ्या गावात, एस.टी.ची पायरी उंच, शाळेत संडास असला तर तोही पायऱ्या चढून. हुशार मुलं इथेच गळतात. अशा मुलाला शाळेजवळ राहायला जागा मिळाली, तर त्याचं शिक्षण वाचतं.

कोल्हापूरला ही गोष्ट नवी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, दलित अशा समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला. खेड्यातलं पोर शिकायचं तर त्याला शहरात आसरा द्यावा लागतो, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे. 'हेल्पर्स'ला कोल्हापूरकरांनी आपलं मानलं त्यामागे ही सवय असावी, असं मला वाटतं.

उचगावला 'घरौंदा' हे वसतिगृह आणि समर्थ विद्यामंदिर ही शाळा उभी राहिली. शाळेत अपंग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात बसतात. शिकून झाल्यावर पोटापाण्याचं काय, या प्रश्नातून सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' आणि तिथला काजू प्रक्रियेचा उद्योग आला. बत्तीस शिराळ्याच्या लेखिका सोनाली नवांगुळ 'हेल्पर्स'मध्येच राहून घडल्या. २०२० सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला.

देशात अपंगांसाठीचा व्यापक कायदा १९९५ मध्ये आला, म्हणजे संस्थेनंतर अकरा वर्षांनी. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण त्या कायद्यात होतं. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केलं आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले.

दरम्यान पोलिओ गेला. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. कॅलिपर लावून, कुबड्या घेऊन स्वतःचं स्वतः आवरणाऱ्या मुलांची ती पिढी आता मोठी झाली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) किंवा स्नायूंचा आजार असलेल्या मुलाला मात्र रोज फिजिओथेरपी लागते, भरवायला आणि उचलायला माणूस लागतो. अशा मुलांना सांभाळायचं तर खाट आणि जेवण पुरत नाही, प्रशिक्षित हात लागतात, आणि त्यांच्या पगाराला दर महिन्याला पैसा लागतो.