जीआय मिळाला म्हणजे ब्रँड झाला असं नाही

“कोल्हापुरी चपलेला जीआय मिळालाय, म्हणजे आपला ब्रँड झालाच की!” कोल्हापुरातल्या सुभाषनगर, जवाहरनगरात चपला बनवणाऱ्या नव्या पोरांकडून हे सतत ऐकतो आणि दर वेळी जीव तुटतो. व्यापाऱ्याच्या हाताखालून बाहेर पडून स्वतःच्या नावाने धंदा करायची जिद्द या पोरांत आहे. हातात कसब आहे, इन्स्टावर ऑर्डरी येतायत. पण नावाच्याच बाबतीत ती गाफील राहतात.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत ठरलेल्या पद्धतीने बनलेल्या चपलेलाच ‘कोल्हापुरी’ म्हणता येतं. नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या, लिडकॉम आणि लिडकरच्या, नावावर आहे. कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ती जरूर करा.

घोळ होतो तो याच्या पुढे. जीआय सांगतो माल कुठला. ट्रेडमार्क सांगतो माल कोणाचा. जीआय हे गावाचं गायरान आहे. तिथे तुमची गुरं हक्काने चरतील, पण ते तुम्हाला विकता येणार नाही, पोराच्या नावावर करता येणार नाही आणि शेजाऱ्याला तिथून हाकलताही येणार नाही. ट्रेडमार्क मात्र तुमच्या एकट्याचा असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो, वारसाला जातो.

एक जोड हातात घेऊन बघा. कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं, वेणी बारीक, कान नीट बसवलेले. आता चप्पल पालथी करा. तळावर शिक्का कोणाचा? बहुतेक वेळा दुकानदाराचा. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तोच शिक्का शोधत येतं आणि ज्याने वेणी घातली त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही. तुम्ही अधिकृत वापरकर्ता असलात तरी यात फरक पडत नाही, कारण शेजारच्या घरातला कारागीरही तेवढाच अधिकृत आहे. गिऱ्हाइकाने तुम्हालाच का शोधावं, याचं उत्तर जीआय देत नाही. ते द्यायचं त्याचं कामच नाही.

२०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दाखवल्या तेव्हा अख्खं कोल्हापूर पेटून उठलं, मीही. जनहित याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. जीआयची नोंद ज्यांच्या नावे आहे त्यांनी दाद मागावी, असा निकालाचा रोख होता. सामाईक नावाचं रक्षण असंच चालतं. तुमच्या स्वतःच्या नावाची कोणी नक्कल केली, तर मात्र महामंडळ तुमच्यासाठी कोर्टात उभं राहणार नाही. ती लढाई तुमची, आणि हातात ट्रेडमार्कची नोंद असेल तर ती कितीतरी सोपी जाते.

बाकी किरकोळ. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, जीएसटी यांपैकी कुठल्याही नोंदणीने नावाची मालकी मिळत नाही. इन्स्टाच्या हँडलनेही नाही. टीएम हे चिन्ह नोंदणीआधी लावता येतं. वर्तुळातला आर नोंदणीशिवाय लावला तर गुन्हा आहे. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग ठरलेले असतात; पादत्राणं वर्ग २५ मध्ये येतात, व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे आणि नोंद दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण.

आता नाव कोणतं घ्यायचं? ‘अस्सल कोल्हापुरी’, ‘ओरिजिनल कोल्हापुरी’, ‘कोल्हापुरी किंग’ असल्या पाट्या बघितल्या की मला राग येतो. ‘कोल्हापुरी’ या शब्दावर एकट्याची मालकी कायदा देत नाही, आणि अस्सल-ओरिजिनल तर प्रत्येक जण लिहितो. मग त्यात तुमचं असं उरलं काय? आडनाव बरं, पण त्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा करत असेल तर कायदा त्याला थांबवू देत नाही, आणि एका गल्लीत एकाच आडनावाची दहा घरं असतात. म्हणून आडनावाला आजीचं नाव जोडा, गल्लीतलं टोपणनाव जोडा किंवा सरळ नवा शब्द घडवा. आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तो कोणी घेतलाय का बघा, मग अर्ज करा आणि व्यापाऱ्याला माल देतानाही प्रत्येक जोडाच्या तळावर तोच ठसा उमटवा. त्याला तो नको असेल, तर दर वाढवून मागा.