रेडिएटरचं तोंड कुठे? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

घरी बांधलेल्या विमानात रेडिएटरला हवा देणारं तोंड कुठे ठेवावं, हा तो प्रश्न. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथ या छोट्या विमानातून. त्याचं जिप्सी इंजिन हवेने थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरची भानगडच नव्हती. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनवाल्यांची मात्र ओढाताण चालू होती. रेडिएटर बाहेर काढला की वेग मरतो, आत दडवला की इंजिन तापतं. 1931च्या सुपरमरीन एस.6बी या शर्यतीच्या विमानात तर पंखांचा आणि फ्लोटचा (पाण्यावर तरंगण्यासाठीच्या खालच्या होडक्यांचा) पत्राच रेडिएटर केला होता.

वाट दाखवली ती फार्नबरो इथल्या ब्रिटिश विमान संशोधन संस्थेच्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी, 1935 साली. डक्ट, म्हणजे हवा नेणारी वाट, तोंडाशी अरुंद, रेडिएटरपाशी रुंद आणि मागे पुन्हा निमुळता. आत हवा मंदावते, दाब वाढतो, मग तापलेली हवा मागून जोरात सुटते आणि अवरोधाचा बराच भाग भरून निघतो.

मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाने हे तत्त्व पोटाखाली आणलं, पण त्याच्या पी-51बी या आवृत्तीच्या डक्टमध्ये गडगडाट होऊ लागला. 1943 साली एम्स या अमेरिकन प्रयोगशाळेच्या विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या बोगद्यात) पंख काढून ते विमान तपासलं. पोटाला चिकटून येणारी मंद हवा तोंडात शिरत होती. तोंडाचा वरचा ओठ आणखी खाली घेतल्यावर आवाज थांबला.

घरी विमान बांधणाऱ्याने हाच धडा आधी गिरवावा. नाकापासून अडीच मीटर मागे, 70 नॉट वेगाला हा मंद थर सुमारे 40 मिमी जाड असतो. तोंड पोटापासून तेवढं खाली हवं आणि मधली फट मागे मोकळी. पत्र्यात खोल बसणारं ‘नाका’ (NACA) पद्धतीचं तोंड दिसायला देखणं, पण ते नेमका हाच थर ओढतं. रेडिएटरचा अडथळा समोर आला की हवा आत न जाता बाजूने निसटते. केबिनच्या हवेसाठी ते ठीक आहे.

खरी परीक्षा चढाईत. ऑक्टोबर हीटच्या 35 अंशांत 70 नॉटला मिळणारा दाब जेमतेम 75 मिमी पाण्याइतका. 140 नॉटला तो चौपट. म्हणून माप चढाईचं धरा आणि सपाट उड्डाणात मागचा फ्लॅप, म्हणजे हवा बाहेर पडायच्या वाटेवरचं झाकण, मिटून हवा आवरा. इंजिन तापलं की बहुतेक जण तोंड मोठं करतात. दोष बऱ्याचदा एकदम फाकणाऱ्या डक्टचा असतो, नाहीतर रेडिएटरच्या कडेच्या फटींचा. त्या रबरपट्टीने बुजवा.

रेडिएटरच्या पुढे आणि मागे प्लास्टिकच्या नळ्या लावून दाब पाण्याच्या यू-नळीवर मोजा. पुढचा दाबच कमी असेल तर तोंड किंवा डक्ट चुकलाय. पुढे दाब भरपूर, पण पुढच्या-मागच्या दाबात फरक नाही, म्हणजे बाहेर पडायची वाट तुंबली आहे.