कल्याण उपनगर नगरपरिषद: कागदावर जन्मलेली आणि कागदावरच राहिलेली

कल्याण-डोंबिवलीच्या बातम्यांत '२७ गावे' हा शब्द इतक्या वेळा येतो की वाचणारा तो वगळूनच पुढे जातो. पण कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना किंवा मलंगगड रस्त्याकडे घर घ्यायचं असेल, जुनं घर विकायचं असेल किंवा घरपट्टीच्या नोटिशीला हरकत घ्यायची असेल, तर हा इतिहास माहीत असावाच लागतो. कारण इथल्या जमिनीचा मालक बदलला नाही तरी तिच्यावर बांधकामाची परवानगी देणारं कार्यालय चार वेळा बदललं आहे. यातल्याच १८ गावांची 'कल्याण उपनगर नगरपरिषद' २०२० मध्ये ठरली आणि प्रत्यक्षात आलीच नाही.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावं आणि भोवतालच्या खेड्यांचा मोठा पट्टा एकाच हद्दीत आला. लोकनियुक्त सभागृह मात्र लगेच आलं नाही. पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली, तोवर कारभार प्रशासकाकडेच होता. दरम्यान १९९२ मध्ये अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर बाहेर पडले आणि त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. ही वेगळी वाट निघू शकते, हे २७ गावांनी तेव्हाच पाहिलं होतं.

गावांची तक्रार दोन शब्दांत मावते: पट्टी शहराची, सोयी खेड्याच्या. आंदोलनं झाली, 'सर्वपक्षीय हक्क संरक्षण संघर्ष समिती' उभी राहिली आणि १२ जुलै २००२ रोजी ही गावं पालिकेतून वगळण्यात आली. ग्रामपंचायती परत आल्या. गोंधळाचं मूळ नेमकं इथे आहे. ग्रामपंचायत दिवाबत्ती, गटार, पाणीपट्टी बघते. चार-पाच मजली इमारतीचा नकाशा मंजूर करणं तिच्या अधिकारात येत नाही. ती परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली आणि २००६ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे). प्राधिकरणाचं कार्यालय वांद्र्याला, बांधकाम गोळवलीत, आणि रोज ते बघणारा माणूस कोणीच नाही. याच काळात चाळी आणि इमारतींचं पीक आलं. बहुतेक ठिकाणी कागद म्हणून पुढे केला गेला तो ग्रामपंचायतीचा 'नाहरकत दाखला' आणि नमुना ८ चा उतारा.

नमुना ८ म्हणजे करआकारणीची नोंदवही. घर क्रमांक, ताबा असलेल्याचं नाव, आकारलेली पट्टी, एवढंच त्यात असतं. पट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. महापालिकेच्या कायद्यातही तसंच आहे: कलम २६७अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर शास्ती लागते, पण ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. 'वीस वर्षं टॅक्स भरतोय' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही, कितीही मनापासून केला तरी.

१ जून २०१५ रोजी २७ गावं पुन्हा पालिकेत आली. समितीचा विरोध कायम होता. सप्टेंबरमध्ये सरकारनेच ती वगळून वेगळी नगरपरिषद करण्याची प्रारूप अधिसूचना काढली. पण निवडणूक तोंडावर होती, आणि सभागृहाची मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत हद्दीला हात लावू नये, अशी निवडणूक आयोगाची भूमिका होती. १ नोव्हेंबर २०१५ ची निवडणूक गावांसकट झाली आणि अधिसूचनेचं घोंगडं भिजत पडलं. म्हणजे एकाच वर्षात गावं आत घेतली आणि बाहेर काढायचीही ठरवली. हा हिशेब कोणी मांडला होता, हे आजवर नीट कळलेलं नाही.

आत आल्यावर काय बदललं? कर एकदम चढत नाही. नव्याने आलेल्या हद्दीत सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर, मग दरवर्षी टप्प्याने वाढ, अशी कायद्यात सोय आहे. लोकांना फटका बसतो तो पाच-सहा वर्षांनी, आणि तोवर ही सोय कुणाच्या लक्षात नसते. ग्रामपंचायतींचे कर्मचारी पालिकेकडे आले. त्यांचं समावेशन आणि वेतनश्रेणी यांवर घोडं अडलं. जिल्हा परिषदेच्या शाळांचं हस्तांतरणही असंच रेंगाळलं.

पाण्याचं गणित वेगळंच आहे. या गावांना पाणी मिळतं ते एमआयडीसीचं, बारवी धरणाचं. मुख्य वाहिनी जाता जाता ठिकठिकाणी जोडण्या दिलेल्या, मध्ये साठवणीचे जलकुंभ पुरेसे नाहीत. टाकी असलेल्या भागात दुरुस्तीसाठी वाहिनी बंद केली तरी दिवस निघतो. इथे वाहिनी बंद झाली की नळ त्याच दिवशी कोरडा, आणि सुरू झाल्यावरही दाब आधी वाहिनीजवळच्यांना मिळतो. टोकाच्या इमारती मग टँकरवर. जलकुंभ बांधण्याचं काम अमृत योजनेत घेतलं गेलं ते म्हणूनच. पाणी कमी आहे हे खरंच, पण अडचण साठवण आणि वाटपाचीही आहे.

२४ जून २०२० च्या अधिसूचनेने २७ पैकी १८ गावं वगळली आणि त्यांची 'कल्याण उपनगर नगरपरिषद' करण्याचं ठरलं: घेसर, हेदुटणे, उंबरोली, भाल, द्वारली, माणेरे, वसार, आशेळे, नांदिवली तर्फे अंबरनाथ, आडिवली-ढोकळी, दावडी, चिंचपाडा, पिसवली, गोळवली, माणगाव, निळजे, सोनारपाडा आणि कोळे. पालिकेत राहिली आजदे, सागाव, नांदिवली पंचानंद, घारिवली, संदप, उसरघर, काटई, भोपर आणि देसलेपाडा. नांदिवली दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या बाजूंना गेल्या, हे कागद तपासताना विसरू नये. निळजे बाहेर आणि शेजारचं काटई आत, अशी ही रेघ होती. काटई, उसरघर, घारिवली या मोठ्या गृहप्रकल्पांच्या बाजूची गावं आतच राहिली, त्यामुळे उत्पन्न पालिकेला आणि बोजा नगरपरिषदेला, ही शंका निघणं स्वाभाविक होतं.

नगरपरिषद होण्याची पात्रता हा प्रश्न नव्हताच. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याप्रमाणे २५ हजार लोकसंख्या आणि ३५ टक्के बिगरशेती रोजगार पुरतो, आणि लाखावर वस्ती असली की नगरपरिषद 'अ' वर्गात जाते. घोडं पेंड खाल्लं ते प्रक्रियेत. महापालिका अधिनियमाच्या कलम ३(३)(अ) प्रमाणे हद्द बदलण्याआधी सरकारने महापालिकेशी विचारविनिमय करायचा असतो, आणि त्याच कलमातल्या पोटकलम ४ प्रमाणे अधिसूचना आधी प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात. आयुक्तांचा अहवाल म्हणजे महापालिकेचं मत नव्हे. मत सभागृहाचं लागतं. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये अधिसूचना रद्द केली आणि १८ गावं पुन्हा पालिकेत आली. तोपर्यंत सभागृहाची मुदतही संपली होती. नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक बसला तो पुढची निवडणूक, म्हणजे जानेवारी २०२६, येईपर्यंत.

एक अपवाद राहतो. कल्याण ग्रोथ सेंटर म्हणून जाहीर झालेल्या १० गावांतल्या सुमारे १,०८९ हेक्टर क्षेत्राचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे. तिथे घरपट्टी पालिकेची, नकाशा प्राधिकरणाचा.

या पट्ट्यातलं घर तपासताना म्हणून आधी बांधकाम कोणत्या वर्षी सुरू झालं ते बघावं. १९८३ ते २००२ मधलं असेल तर परवानगी महापालिकेची हवी. २००२ ते २००६ मधलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची, अकृषिक आदेशासह. २००६ ते जून २०१५ मध्ये एमएमआरडीएची. त्यानंतर पुन्हा पालिकेची, ग्रोथ सेंटर सोडून. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि मंजूर नकाशावरचा नंबर एकच आहे का, हे जुळवावं. प्रारंभ प्रमाणपत्राचा (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीचा) जावक क्रमांक पालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घ्यावा, केवळ झेरॉक्सवर विसंबू नये. पालिकेच्या नावाची बनावट प्रारंभ प्रमाणपत्रं दाखवून ६५ इमारतींची महारेराकडे (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदणी झाल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. महारेराचा क्रमांक असणं पुरेसं नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. वरच्या वर्षांशी न जुळणारा शिक्का दिसला, उदाहरणार्थ २०१० च्या इमारतीवर ग्रामपंचायतीचा 'बांधकाम परवाना', तर टोकनचे पैसे देण्याआधीच थांबावं.