हेडस्टार्ट आणि बंदिस्त पैदास: आधी विचारा, अंडं कोणी घातलं?

दर काही महिन्यांनी एखादी बातमी फिरते: ‘प्राणिसंग्रहालयात जन्मलेले दुर्मीळ सरडे जंगलात मुक्त’. बातमी इग्वानाची असते आणि फोटो घोरपडीचा. फोटोचं सोडून देऊ. घोरपड मांस खाते, इग्वाना पाला खातो, नातं लांबचं, विषय संपला. पण मजकुरात ‘हेडस्टार्ट’, ‘बंदिस्त पैदास’, ‘कृत्रिम प्रजनन’ आणि ‘पुनर्वसन’ हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असतात, ते मात्र सोडून देण्यासारखं नाही. तिथे घोळ झाला की पुढचे सगळे प्रश्न चुकतात: किती जगले, आजाराचा धोका कोणाला, तपासायचं काय आणि यश म्हणायचं कशाला.

हेडस्टार्ट आपल्याला नावाने नसला तरी कामाने चांगला माहीत आहे. १९७५ पासून आपल्याकडे सुसरींसाठी, म्हणजे घडियालांसाठी, हेच चाललंय. चंबळच्या काठावरची अंडी गोळा करायची, लखनौच्या कुकरैलला किंवा मुरैनाजवळच्या देवरीला उबवायची आणि पिल्लं सव्वा मीटरच्या आसपास झाली की नदीत सोडायची. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांसाठी करतात तो हेडस्टार्ट नव्हे. तिथे फक्त अंडी राखतात, पिल्लू वाढवत नाहीत. निघालं की समुद्रात जातं. बंदिस्त पैदाशीत आई-बापच पिंजऱ्यात असतात. जोड्या माणूस लावतो, वंशावळीची नोंद ठेवतो आणि अंडीही तिथेच घातली जातात.

बाकी बरंचसं सारखं. उबवणीची पेटी, रोजचा पाला, कातडीखालची मायक्रोचिप, पाठीवरचा रेडिओ ट्रान्समीटर, सोडल्यावर पुन्हा पकडून वजन घेणं, यात शोधायला गेलं तर फरक सापडतील, पण त्यांनी कोणाचं अडत नाही. पिंजरा दोन्हीकडे असतो आणि पिंजरा बघूनच माणसं फसतात. म्हणून विचारायचं ते एवढंच: अंडं रानातल्या मादीने घातलं की पिंजऱ्यातल्या?

कॅरिबियन समुद्रातली दोन बेटं शेजारी ठेवली की हा प्रश्न कुठवर पोचतो ते दिसतं.

जमैकन इग्वाना १९४० च्या दशकानंतर नामशेष झाला असं मानलं जात होतं. १९९० मध्ये हेलशायर टेकड्यांत एडविन डफस या रानडुकरांच्या शिकाऱ्याच्या कुत्र्याने एक इग्वाना धरला आणि डफसने तो किंग्स्टनच्या होप प्राणिसंग्रहालयात पोचवला. मग शोध सुरू झाला. चुनखडीच्या त्या कोरड्या, काटेरी रानात इग्वाना थोडे होते, पण होते, आणि माद्या दरवर्षी ठरलेल्या जागी येऊन मातीत अंडी घालत होत्या. अंड्यांची वानवा नव्हती. पिल्लं टिकत नव्हती. कारण मुंगूस, आणि ते गेलं आपल्याकडून. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यांतल्या उंदरांवर उपाय म्हणून कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली. आपल्या परसात दिसतं ते राखाडी मुंगूस नव्हे, त्याचं लहान चणीचं भावंड. त्याने उंदरांबरोबर जमिनीवर हाताला लागेल ते सगळं खाल्लं. म्हणून १९९१ पासून पिल्लं बिळाबाहेर पडतानाच धरायची, होप प्राणिसंग्रहालयात काही वर्षं वाढवायची आणि मुंगसाला पेलणार नाहीत इतकी अंगाने भरली की परत हेलशायरलाच सोडायची, असं काम सुरू झालं. पहिली सोडणूक १९९६ ची. जोडीला घरट्यांच्या पट्ट्यात मुंगसांसाठी सापळे.

ग्रँड केमन बेटावरच्या निळ्या इग्वानाची गोष्ट वेगळी. २००२ च्या पाहणीत रानात उरले होते अंदाजे १० ते २५. इतक्या थोड्यांना एकमेकांची गाठ पडणंही अवघड. तिथे हेडस्टार्ट करायचा तर अंडी आणायची कुठून? म्हणून बंदिस्त पैदास. ती १९९० मध्येच सुरू झाली होती आणि पुढे क्वीन एलिझाबेथ वनस्पती उद्यानातल्या केंद्रात वाढली. सुरुवातीच्या कळपात शेजारच्या बेटांवरच्या इग्वानांचं रक्त मिसळल्याचं डीएनए तपासणीत निघालं आणि संकरित जनावरं पैदाशीतून काढावी लागली. ही डोकेदुखी फक्त बंदिस्त पैदाशीची. हेलशायरला जोडी मादी स्वतः निवडते, वंशावळ तपासायची वेळच येत नाही. २००४ पासून सलिना अभयारण्यात सोडणं सुरू झालं, २०१२ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं आणि २०१८ मध्ये सोडलेल्यांचा आकडा हजारावर गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. आरोग्य तपासणीबद्दल लिहिताना सगळे एकच वाक्य लिहितात: ‘सोडण्यापूर्वी प्राण्यांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली.’ कोणाला वाचवण्यासाठी केली, हे कोणी विचारत नाही. खरी दिशाभूल इथे होते.

हेडस्टार्टमध्ये ज्या रानात आपण इग्वाना सोडतो तिथे त्याच जातीचे उरलेसुरले इग्वाना राहत असतात. प्राणिसंग्रहालयात वाढलेलं जनावर शेजारच्या पिंजऱ्यातल्या साप-कासवांचे, खाद्यातून आलेले, राखणदाराच्या बुटांवरून आलेले जंतू घेऊन येऊ शकतं. ते स्वतः ठणठणीत दिसेल. पण त्याने तो जंतू हेलशायरच्या माद्यांना दिला, तर ज्यांच्या अंड्यांवर सगळी योजना उभी आहे त्याच जातील. म्हणजे होप प्राणिसंग्रहालयातल्या तपासणीत सुई ज्याला टोचली जाते तो खरा रुग्ण नाहीच. रुग्ण रानात आहे. संशय आला तर ते जनावर सोडायचं नाही, मग ते कितीही तरतरीत दिसो. पाचशे पिल्लं वाढवून एक रोग रानात नेण्यापेक्षा दहा पिल्लं पिंजऱ्यात ठेवणं मला केव्हाही पटतं.

बंदिस्त पैदाशीत हा धोका नसतो असं नाही, पण सगळ्यांत मोठी भीती उलट्या वाटेने येते. सगळी जात पिंजऱ्यात एकवटलेली असते, तेव्हा रोग बाहेरून आत येणं हे अरिष्ट. मे २०१५ मध्ये ग्रँड केमनच्या केंद्रात नेमकं तेच झालं. निळे इग्वाना एकाएकी मलूल होऊन मरू लागले. कारण निघाला हेलिकोबॅक्टर या जिवाणूचा एक नवाच प्रकार, जो थेट रक्तात पसरत होता. संशयाची सुई हिरव्या इग्वानांकडे वळली. ते त्या बेटाचे मूळचे नाहीत. बाहेरून आले आणि बेसुमार वाढले. इतके की ऑक्टोबर २०१८ पासून सरकारने त्यांना मारण्याची मोहीम काढली आणि तिचा आकडा १० लाखांच्या पुढे गेला. कुंपणावरून आत डोकावणारा एक हिरवा इग्वाना काय करू शकतो, हे पैदास केंद्र चालवणाऱ्यांना त्या वर्षी कळलं. तेव्हापासून रक्त आणि स्वॅब घेऊन त्या जंतूचा पीसीआर तपास हा तिथल्या कामाचा भाग झाला. इथे सुईखालचा इग्वानाच रुग्ण आहे, आणि पिंजऱ्यात त्याच्या शेजारी बसलेलाही.

ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटावरही हेच दिसतं. तिथली निळ्या शेपटीची सापसुरळी आणि लिस्टर्स गेको ही पाल रानातून संपली. आपल्या कवड्या सापाचा एक जवळचा भाऊबंद बाहेरून तिथे आला, त्याच्यावर मोठा ठपका आहे. अगदी शेवटी पकडलेल्या मोजक्या जनावरांपासून पैदास झाली. मग २०१४ मध्ये त्या पिंजऱ्यांतच तोंड सुजवून मारणारा एंटरोकॉकसचा एक नवा जंतू सापडला. २०१९ मध्ये ३०० सापसुरळ्या सोडल्या, त्याही घरी नाही, कोकोस बेटांपैकी पुलू ब्लान या चिमुकल्या बेटावर. घरी तो साप अजून आहे. याला हेडस्टार्ट म्हणणारा मजकूर वाचला की जीव तुटतो, कारण रानात एकही मादी उरलेली नाही ही त्या गोष्टीतली सगळ्यांत दुःखाची ओळ त्या एका शब्दाने पुसली जाते.

दिशेच्या या फरकातून दुसरा फरक येतो: निरोगी कोणाला म्हणायचं? हेलशायरला रानातच जन्मलेले, रानातच वाढलेले इग्वाना आहेत. सोडलेल्याचं वजन, लांबी, रक्तातल्या पेशी, युरिक अ‍ॅसिड हे सगळं त्यांच्या शेजारी ठेवून बघता येतं. ग्रँड केमनला तुलनेसाठी तसा कळपच उरला नव्हता. पिंजऱ्यातल्या इग्वानाचे आकडे घ्यावेत, तर त्याला पाला वाडग्यात मिळतो आणि पळावं लागत नाही. सोडल्यावर त्याचं वजन उतरलं, तर तो आजारी पडला की रानातल्या इग्वानासारखा दिसू लागला? पहिल्या सोडणुकीनंतर एका वजनावरून याचं उत्तर देऊ नये. वर्षानुवर्षं, ओला आणि कोरडा ऋतू दोन्ही धरून, त्याच जनावरांना पुन्हा पुन्हा पकडून मोजलं की मगच त्या रानातलं निरोगीपण काय ते कळू लागतं.

इथे जंतांबद्दल बोललंच पाहिजे, कारण ‘जंतनाशक देऊन स्वच्छ करून सोडले’ हे वाक्य कौतुकाने लिहिलेलं मी फार वेळा वाचलंय. पाला पचवायला इग्वानाला आतड्यातल्या सूक्ष्मजीवांची गरज असते. हिरव्या इग्वानाची पिल्लं तर पहिल्या काही आठवड्यांत मोठ्यांची विष्ठा खातात, ती याच सूक्ष्मजीवांसाठी. त्या आतड्यात सूत्रकृमी असणं, अंगावर चार गोचिड्या असणं ही रानातली रीत आहे. परका जंतू शोधायचा असतो, जिवंतपणाची प्रत्येक खूण पुसायची नसते. सरसकट औषध पाजून रिकाम्या आतड्याचा इग्वाना रानात सोडणं याला मी काळजी म्हणणार नाही.

फेरपकडीतही एक जुनी चूक होते. ‘पुन्हा पकडलेले सगळे इग्वाना तंदुरुस्त आढळले.’ आढळणारच. आजारी इग्वाना सापळ्यातल्या आमिषाकडे येत नाही, उन्हाला दगडावर बसत नाही. तो कपारीत जातो आणि तिथेच मरतो. चुनखडीच्या रानात त्या कपारी हात घालण्यापलीकडच्या असतात. म्हणून निदान काही जनावरांवर तरी ट्रान्समीटर हवाच. मेलेला सापडला आणि कशाने मेला ते कळलं, तर ती एक नोंद दहा तंदुरुस्त वजनांपेक्षा जास्त शिकवते. चंबळेत २००७-०८ च्या हिवाळ्यात शंभरावर सुसरी मेल्या तेव्हा शवविच्छेदनं झाली म्हणूनच गाऊट (शरीरात युरिक अ‍ॅसिड साचण्याचा आजार) आणि निकामी मूत्रपिंडांपर्यंत पोचता आलं. शव मिळालं नसतं तर फक्त संख्या घटल्याचं कळलं असतं.

आणि आकडे. सोडलेल्यांचा आकडा हे यश नव्हे, दोन्ही पद्धतींत नव्हे. पण हेडस्टार्टमध्ये तो जास्त फसवतो. पिल्लू मुंगसाच्या तोंडातून सोडवून मोठं करून सोडलं, म्हणजे ते काही वर्षं दिसणारच. आपल्या नद्यांत पाच हजारांहून जास्त सुसरी सोडून झाल्या होत्या, तरी २००६ च्या सुमाराला प्रौढ सुसरी दोनशेहून कमी भरल्या. अंड्यापासून सव्वा मीटरपर्यंतची गळती थांबवली, पण त्यापुढे जाळी होती, वाळूचा उपसा होता, धरणं होती.

म्हणून दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या. निळ्या इग्वानांना सोडताना मानेच्या तुऱ्याला रंगीत मणी ओवतात, लांबूनच ओळख पटावी म्हणून. कातडीखाली मायक्रोचिप असतेच. सलिनात ज्याच्या तुऱ्यात मणी नाहीत, ज्याच्या अंगावर स्कॅनर फिरवला तर तो गप्प राहतो, असा इग्वाना शोधायचा. तो पिंजऱ्याने दिलेला नसतो, रानाने दिलेला असतो. हेलशायरला मात्र चिप नसलेलं पिल्लू बघून हुरळायचं कारण नाही. तशी पिल्लं तिथे हेडस्टार्टच्या आधीही दरवर्षी निघत होती आणि खाल्ली जात होती. तिथे जूनमध्ये घरट्यांच्या जागी लपून बसायचं आणि माती उकरणाऱ्या मादीवर स्कॅनर धरायचा. १९९१ मध्ये तिथे येणाऱ्या माद्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आता त्याच्या कितीतरी पट येतात आणि त्यांतल्या पुष्कळ होप प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या आहेत. स्कॅनर वाजला की समजायचं, मूठभर पिल्लू असताना टोपलीतून नेलेली मादी अंडी घालायला परत आलीय.