प्रकाशाच्या क्वांटम अवस्थेचे मापन

एकाच रीतीने तयार केलेला प्रकाश पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या कोनांतून मोजून त्याची संपूर्ण क्वांटम अवस्था, म्हणजे कोणत्या मोजणीत काय मिळण्याची किती शक्यता याचे पूर्ण वर्णन, गणिताने उभी करण्याची पद्धत. हिलाच क्वांटम टोमोग्राफी म्हणतात.

एका मोजणीत अवस्था हाती लागत नाही. मोजताच ती बदलते, आणि अनोळखी अवस्थेची हुबेहूब नक्कल काढून ठेवायलाही निसर्गाची मनाई आहे. म्हणून सावल्या गोळा कराव्या लागतात. नागपुरात २६ मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि अंगणातल्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी गडप होते. तेवढ्यावरून खांब वीतभर आहे की दोन पुरुष उंच, हे सांगता येईल का? ऊन कलू द्यावे लागते. धंतोलीतल्या दवाखान्यांत सीटी स्कॅनची नळी रुग्णाभोवती फिरते तीही याचसाठी. त्यामागचे, योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडलेले गणित इथेही कामी येते.

इथे फिरवायची असते ती कला, म्हणजे फेज: लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. तपासायचा क्षीण प्रकाश आणि एक प्रखर लेसर अर्धपारदर्शक आरशावर एकत्र आणतात. आरशापलीकडच्या दोन वाटांवर दोन फोटोडायोड, म्हणजे प्रकाशाचे विद्युतप्रवाहात रूपांतर करणारे शोधक, असतात. त्यांच्या विद्युतप्रवाहांची वजाबाकी हेच मोजमाप. लेसरच्या वाटेतला आरसा केसभर सरकवला की कोन बदलतो. प्रत्येक कोनात हजारो नोंदी घेतात. याला होमोडाइन मापन म्हणतात. यातली मौज अशी, की क्षीण प्रकाशासमोर पुठ्ठा धरला तरी पडद्यावरची थरथर थांबत नाही. ती उपकरणाची खोड नसून निर्वाताचा स्वतःचा गोंगाट असतो, आणि पुढची सगळी मापे त्याच्याशीच ताडून पाहतात.

नोंदींमधून विग्नर फलन तयार होते. ते संभाव्यतेच्या नकाशासारखे दिसते खरे, पण काही अवस्थांत ते काही ठिकाणी शून्याखाली जाते; साध्या संभाव्यतेला हे शक्यच नाही. फोगेल आणि रिस्केन यांनी ही वाट १९८९ मध्ये सुचवली, १९९३ मध्ये ऑरेगनमधल्या रेमर यांच्या गटाने ती प्रयोगात उतरवली. एकट्या फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, हा शून्याखालचा खळगा २००१ मध्ये जर्मनीत कॉन्स्टान्झला दिसला. वाटेत निम्म्याहून अधिक प्रकाश गळाला तर खळगा बुजतो. त्यामुळे प्रयोगकर्त्यांचा बराचसा वेळ काचा पुसण्यात आणि आरसे जुळवण्यातच जातो.

प्रत्येक वेळी एवढा खटाटोप लागतोच असे नाही. एका वेळी एकच फोटॉन सुटतो का, एवढेच पाहायचे असेल तर दोन शोधक एकदम वाजतात का, हे तपासले की पुरे. ध्रुवीकरणासाठी, म्हणजे प्रकाशलहर कोणत्या दिशेने हेलकावते हे मोजण्यासाठी, स्टोक्स यांची १८५२ मधली राशींची चौकडी आजही वापरतात.

काही कोनांत निर्वातापेक्षाही कमी गोंगाट करणारा ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळांत २०१९ पासून नियमित वापरात आहे. त्यांची भारतीय जोडीदार विदर्भाच्या वेशीवर, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ परिसरात व्हायची आहे.