घरगुती धूर व कार्बन उत्सर्जन (मराठवाडा)

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतील घरांमधून स्वयंपाक, आंघोळीचे पाणी आणि वीज यांपायी हवेत जाणारे धूलिकण व हरितगृह वायू, तसेच ते कमी करण्याचे उपाय.

किनवटसारखे मोजके पट्टे सोडले तर इथे जंगल फारसे नाही, त्यामुळे सरपण मुख्यतः शेतातून येते. तूर निघाली की तुराट्या, कापूस संपला की पऱ्हाट्या, नाल्याकाठची वेडी बाभूळ आणि थापून रचलेल्या गोवऱ्या. तुराटी भपकन पेटते नि लगेच विझते, म्हणून बाईला चुलीपुढून हलता येत नाही. गोवरी धुमसत राहते आणि सगळ्यांत जास्त धूर तिचाच. जुन्या माळवदाच्या घरांत धूर जायला छताला साणे असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात ही दगडमातीची जड घरे कोसळली. पुढे सर्वत्रच पत्रे आणि स्लॅब आले. साणे गेले, पण त्याच्या जागी धुराडे बांधायचे बहुतेकांना सुचले नाही.

निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ मध्ये आटोपला. त्या चुलीच्या धूर बाहेर नेणाऱ्या नळीतली काजळी वेळोवेळी काढावी लागे. ती कुणी काढायची, हे काही ठरले नाही. उज्ज्वला योजनेने (१ मे २०१६) गॅस घरोघर पोचवला, तरी चूल विझली नाही. चहा-भाजी गॅसवर, ज्वारीची भाकरी आरावर आणि आंघोळीचे पाणी मागच्या दारच्या चुलीवर, अशी वाटणी पडली. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे कनेक्शन गावाकडे आणि तीन दगडांची चूल फडाजवळ, हेही दरवर्षीचेच.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (२०१९) छत्रपती संभाजीनगर, जालना व लातूर ही शहरे आहेत. पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. ती बाहेरच्या हवेसाठी. स्वयंपाकघरात मोजायला कोणी येत नाही.

धुराचा हिशोब आणि कार्बनचा हिशोब एक नव्हे. पऱ्हाटी जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या हंगामाचे पीक परत शोषून घेते. अर्धवट जळणातून निघणारी काजळी व मिथेन मात्र तापमानवाढीत भर घालतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जीवाश्म इंधनाचा. तरीही चुलीपुढे बसणारीच्या छातीचा विचार केला तर गॅसच बरा. हीटर किंवा इंडक्शनने घरातला धूर जातो, पण परळीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जळतोच.

उन्हाची वानवा नसलेल्या या भागात आधी हात घालावा तो पाणी तापवण्याला. ते काम रोजचे असते आणि त्यात चवीचा प्रश्न येत नाही. सौर बंब त्याला योग्य. फक्त बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत साचतात, म्हणून अधूनमधून सफाई लागते. छतावरील सौर विजेसाठी २०२४ च्या केंद्रीय योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गोबरगॅसला रोज शेण हवे आणि जवळजवळ तितकेच पाणी. टँकरच्या गावात हे पाणी आणायचे कुठून? दुष्काळात जनावरे छावणीला किंवा बाजारात गेली की संयंत्र बंद पडते, आणि एकदा वाळलेली टाकी पुन्हा सुरू करायला नव्याने शेणकाला भरून गॅस धरेपर्यंत थांबावे लागते.